मोजून काढलेला फोटो

"फोटोवाल्याला नको म्हणून कळवा," असं लुईस सासऱ्याच्या ओटीवर बसून म्हणाला, तेव्हा त्याच्या एका हातात चहाची बशी होती आणि तोंडात अर्धी नानकटाई. अशा अवस्थेतला माणूस काय बोलतो ते कुणी मनावर घेऊ नये. पण सासुरवाडीला जावयाचं बोलणं मनावर घ्यायची वाईट खोड असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सेबॅस्टियन फोटोवाल्याला निरोप गेलासुद्धा.

आता हा लुईस कोण, ते सांगतो. वसईच्या मोजणी ऑफिसात तो मोजणीदार होता. जमिनीच्या हद्दी मोजायच्या, भांडणाऱ्या भावाभावांच्या मधे उभं राहून फीत धरायची आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हे त्याचं काम. अंदाज या गोष्टीचा त्याला तिटकारा. त्याची बायको लूर्डस "चिमूटभर मीठ" म्हणाली, तर कुणाची चिमूट, असं तो विचारायचा. (लूर्डस उत्तर देत नसे. त्या दिवशी मीठ मात्र जास्त पडत असे.) शेतकऱ्यांना फूट आणि मीटर यांतला फरक समजावून सांगण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जुनी माणसं फुटांत बोलायची, सरकार मीटरमध्ये बोलायचं, आणि लुईस दोघांचा दुभाष्या. एक मीटर म्हणजे तीन फूट, तीन इंच, तीन सूत, हे तो झोपेतून उठवला तरी सांगायचा.

त्याची सासुरवाडी होळी गावात. सासरा सिप्रियन, पानवेल आणि केळीची वाडी सांभाळणारा, कमी बोलणारा आणि बोलला तर समोरच्याला दोन दिवस पुरेल असं बोलणारा. सासू आल्बिना. एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. सकाळी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना, मग वाडीत मांडव, बँड, केक आणि जेवण, असा ज्युबिलीचा बेत होता. या सगळ्यात आल्बिनाआईची मागणी एकच होती. तिच्या लग्नात फोटो निघाला नव्हता, आणि पुढे पन्नास वर्षांत नवराबायकोला एकत्र कॅमेऱ्यासमोर उभं करायला कुणाला सुचलं नव्हतं.

"पाच पोरं झाली, दोन गेली, तीन राहिली," ती म्हणायची. "पण याच्या शेजारी मी आहे असा एक कागद घरात नाही. एवढा एक फोटो भिंतीवर लागू दे."

(सासू आपल्या घरच्या बोलीत बोलायची. ती कागदावर उतरवायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून सगळ्यांना कळेल असं सांगतोय.)

धाकटा मुलगा एडवर्ड बहारीनला होता. त्याला रजा मिळाली नाही. त्याने एका दोस्ताबरोबर एक कोरा जपानी कॅमेरा आणि पत्र पाठवलं. पत्रात लिहिलं होतं की कॅमेरा लुईसभाऊजींना भेट, पण ज्युबिलीचे फोटो मात्र सेबॅस्टियनकडूनच काढून घ्या. या दोन वाक्यांतलं पहिलं लुईसला फार आवडलं. दुसरं झोंबलं. आणि त्यानंतर आली ती नानकटाई.

पुढचे आठ दिवस लुईसने कॅमेऱ्याचा अभ्यास केला. सोबत एक पुस्तिका होती. अर्धी जपानीत, अर्धी इंग्रजीत. भिंग मऊ कपड्याने कसं पुसायचं हा भाग त्याने तीनदा वाचला. भिंगाभोवती एक फिरतं कडं होतं, आणि वस्तू जितक्या अंतरावर असेल तितक्या आकड्यावर ते कडं आणायचं, हे पहिल्याच पानावर होतं. लुईसचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे सगळं प्रकरण शेवटी मोजणीचंच होतं. पुढचं वाचायची त्याला गरज वाटली नाही, नुसती चित्रं बघितली.

त्या कड्यावर आकड्यांच्या दोन रांगा होत्या. एक पांढरी, एक लाल. लुईसने क्षणभर विचार केला आणि लाल रांग सोडून दिली. सोळा वर्षं सरकारी नोकरी केलेला दुसरा कुठलाही माणूस हेच करता. ऑफिसात लाल शाई साहेबांची. लाल शाईत जे लिहिलेलं असेल ते वरच्यांनी वरच्यांसाठी लिहिलेलं असतं, आपण त्यात नाक खुपसायचं नाही. आपलं काम साध्या शाईतलं.

एवढं ज्ञान झाल्यावर ते पोटात ठेवणं अवघड होतं. त्याने सासऱ्याच्या ओटीवर सगळ्यांना जमवून सांगितलं की कॅमेऱ्याचं भिंग जागच्या जागी बसून राहत नाही. माणूस जवळ आला की भिंग फिल्मपासून थोडं पुढे सरकवायचं, माणूस लांब गेला की मागे आणायचं. असं केलं की त्या माणसाकडून येणारा उजेड बरोबर फिल्मवर जमतो आणि चित्र रेखीव येतं. अंतर चुकलं की उजेड फिल्मच्या पुढे नाहीतर मागे जमतो, आणि माणसाचं पिठलं होतं. हे सेबॅस्टियनसारखे लोक डोळ्यांच्या अंदाजाने करतात, आपण फितीने करणार, असं म्हणून त्याने सगळ्यांकडे बघितलं. सिप्रियनने मान हलवली. एवढं खरं की यातला एकही शब्द खोटा नव्हता.

ज्युबिलीच्या दिवशी तो क्लेमेंट सुताराची फीत घेऊन आला. ऑफिसची मीटरची फीत घरच्या कामाला वापरायची नाही, हे त्याचं तत्त्व होतं. (ती फीत त्या आठवड्यात दुसऱ्या मोजणीदाराने नेली होती, हेही तितकंच खरं.) सुताराची फीत अर्थात फुटांची.

मांडवात जे झालं त्याची आठवण होळीत अजून काढतात. फोटोला उभं राहिलेल्या माणसाने फितीचं एक टोक नाकाला लावून धरायचं, दुसरं टोक लुईस भिंगाला लावणार, आकडा मोठ्याने वाचणार, वहीत लिहिणार, फीत गुंडाळणार, कडं फिरवणार, आणि मग "हसा" म्हणणार. एवढ्या वेळात हसू आटून चेहरे वाळलेले असायचे. फादरनी नाकाला फीत लावून धरली. बँडवाल्यांनी धरली. लूर्डसची मटिल्डामावशी म्हणाली की नवऱ्याने कधी माझं माप घेतलं नाही, आणि निघून गेली. मांडवात सावली होती म्हणून लुईसने भिंगाचं तोंड सताड उघडं ठेवलं होतं, पुस्तिकेत ढगाच्या चित्राखाली तसंच दिलं होतं. मागे, कॅमेऱ्यापासून तीसेक फुटांवर, विहिरीपाशी श्रीपत पाहुण्यांसाठी पंपाचं पाणी भरत होता. खाडीकडच्या वस्तीतला माणूस, या घरचा जुना स्नेही. फोटोत येऊ नये म्हणून तो बिचारा मागेच उभा होता.

शेवटी मुख्य फोटो. आल्बिनाआईने लाल लुगडं नेसून, गळ्यात सोन्याची पोत घालून नवऱ्याचा हात धरला. सिप्रियनने कोट घातला होता, मुलाच्या लग्नातला. लुईसने त्याच्या नाकाला फीत लावली.

"माप नीट घे," सिप्रियन म्हणाला. "शवपेटीला पुन्हा यायला नको."

बरोबर दहा फूट भरले. लुईसने पांढऱ्या रांगेतला दहा शोधला, कडं फिरवलं, आणि फोटो काढला. खात्रीसाठी आणखी सहा काढले, सगळे दहावर.

रंगीत रोल तेव्हा मुंबईला धुवायला जायचा. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. रविवार होता, सगळे ओटीवर जमले, लुईसने पाकीट सर्वांसमोर फोडलं. पहिला फोटो बघून त्याला वाटलं की पाकिटाची अदलाबदल झाली. दुसरा बघून तसं वाटेना. कारण दुसऱ्यात श्रीपत होता. तिसऱ्यात श्रीपत होता. फादरांच्या जागी एक पांढरा ढग होता आणि ढगाच्या खांद्यावरून श्रीपत बघत होता, बनियनचं भोक मोजता यावं इतका रेखीव. बँडवाल्यांचं पिठलं झालं होतं. पण विहिरीच्या काठाची एकेक वीट, केळीच्या पानाची एकेक शीर, पंपावरचा गंज, सगळं लखलखीत. आणि ज्युबिलीच्या जोडप्याचे सातही फोटो एकसारखे. एक लाल डाग, एक काळा डाग, आणि बरोबर दोघांच्या मधे, हातात बादली घेऊन, श्रीपत.

लूर्डसने नवऱ्याकडे बघितलं आणि मग फरशीकडे बघत बसली. ते लुईसला लागलं. तिच्या आईने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि ती देणाऱ्याला याने घरी बसवलं होतं. मांडव पुन्हा घालता आला नसता, पन्नासावं वर्ष पुन्हा आलं नसतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्याने तो कोट परत अंगात घातला असता याची कुणी खात्री देऊ शकत नव्हतं. लुईसचे कान तापले. माफी मागण्यासाठी त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात आल्बिनाआईने फोटो हातातून काढून घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की ती स्वयंपाकघरात निघून जायची.

"हुबेहूब," ती म्हणाली. "अगदी जसा दिसतो तसाच आलाय हा."

आणि तिने पदराने डोळे पुसले. बिचारीला गेली कित्येक वर्षं नवरा तसाच दिसत होता.

इथे लुईसने बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण सासू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि माणसाला पाठीवरचा हात झटकवत नाही. त्याने उघडलेलं तोंड मिटलं. एकदा मिटलेलं तोंड पुढे किती महाग पडतं, ते त्याला सोमवारपासून कळू लागलं.

सोमवारी तो कॅमेरा घेऊन सेबॅस्टियनच्या दुकानात गेला. कॅमेऱ्यातच खोट आहे, असं म्हणणारा एक माणूस मिळाला असता तर त्याला रात्री झोप लागली असती. सेबॅस्टियनने कॅमेरा हातात घेतला, कडं फिरवून बघितलं आणि माप कशात घेतलं होतं, असं विचारलं. फुटांत, लुईस म्हणाला. सेबॅस्टियनने कड्याच्या टोकाला नखाने दाखवलं. पांढऱ्या रांगेपाशी मीटरचं बारीक अक्षर होतं. लाल रांगेपाशी फुटांचं.

"तुम्ही दहा मीटरवर लावलंत," सेबॅस्टियन म्हणाला. "तिथे जे कुणी उभं असेल ते चांगलं आलं असेल."

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याने फोटोवाल्याच्या मऊ कपड्याने भिंग पुसलं आणि कॅमेरा परत दिला. हसला तो बाकावर बसलेला एक शेतकरी, ज्याची वाडी मागल्या वर्षी लुईसने मोजली होती. पुढच्या पंधरवड्यात मोजणी ऑफिसात फेरमोजणीचे चार अर्ज आले. साहेबांनी त्यांवर काहीतरी लिहिलं. लाल शाईत होतं. या वेळी लुईसने ते वाचलं.

सासुरवाडीला तर तो गेला की हाच तमाशा. आल्बिनाआईने फोटोला चौकट करून घेतली आणि येशूच्या तसबिरीखाली लावली. येणाऱ्या प्रत्येकाला ती खुर्ची देण्याआधी फोटोपाशी न्यायची आणि सांगायची की जावयाने काढला, फितीने मोजून काढला. पाहुणा फोटोकडे बघायचा, मग लुईसकडे बघायचा, मग चहा आहे का विचारायचा. मटिल्डामावशीने सरळ तोंडात पदर घातला. श्रीपत आला तो हात जोडून. इतका चांगला फोटो त्याचा उभ्या जन्मात निघाला नव्हता, एक प्रत त्याला भावाकडे गावी पाठवायची होती. लुईसने ती काढून दिली. एवढी एकच प्रत कुणी आनंदाने मागितली होती.

फादर घराला आशीर्वाद द्यायला आले तेव्हा आल्बिनाआईने त्यांनाही उभं केलं आणि कसा आलाय, असं विचारलं. फादरांना खोटं बोलायचं नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की विहीर फार सुंदर आली आहे.

शेवटी लुईस शनिवारी चर्चमध्ये पापनिवेदनाला गेला. जाळीपलीकडे फादर बसले होते. त्याने गुडघे टेकून सुरुवात केली की मी एका म्हाताऱ्या बाईला एका फोटोच्या बाबतीत फसवलं.

"बघितलाय मी," जाळीतून आवाज आला. "पुढचं पाप सांग."

पुढचं पाप अजून व्हायचं होतं. ते दोन महिन्यांनी झालं. गावात डोळे तपासणीचं शिबिर आलं, आणि जिने दहा वर्षं डॉक्टरला दारात उभं केलं नाही त्या आल्बिनाआईने आपणहून नाव दिलं. ऑपरेशन करते म्हणाली. लूर्डसने विचारलं की आई, आता कसं काय मनात आलं. तर म्हातारी म्हणाली की फोटो या डोळ्यांनी एवढा छान दिसतो, तर नीट डोळ्यांनी किती छान दिसेल.

लुईस हे ऐकत होता. आणि मग तो माणूस (त्याची बाजू घ्यायची माझी कितीही इच्छा असली तरी) सासूजवळ जाऊन बसला आणि म्हणाला की आई, या वयात कशाला त्रास, तुम्हाला दिसतंय तेवढं पुरे आहे. आपल्या एका फोटोपायी एका बाईला आंधळी ठेवायला निघालो आहोत, हे वाक्य संपेपर्यंत त्याच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते लूर्डस दारात उभी दिसली तेव्हा. ती ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "लाज वाटू द्या थोडी."

थोडी नव्हती वाटत. भरपूर वाटत होती. आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तो त्या रात्री जेवला नाही, आणि पहिल्यांदा त्याला कुणी जेवायला बोलावलंही नाही. सकाळी तो स्वतः होळीला गेला, सासूला हाताला धरून शिबिरात घेऊन गेला आणि रांगेत तिच्याबरोबर तीन तास उभा राहिला. खरं सांगायचं म्हणून दोनदा त्याने घसा खाकरला. दोन्ही वेळा म्हातारीने बाजूच्या बाईला सांगितलं की हा माझा जावई, यानेच तो फोटो काढलाय.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्ट्या निघाल्या, सहा आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा आला. चष्मा आला त्या रविवारी सगळे पुन्हा त्याच ओटीवर. लुईस खांबाला टेकून उभा होता, पळायचं झालं तर बरं पडावं म्हणून पायात चप्पल ठेवून.

आल्बिनाआईने चष्मा डोळ्यांवर चढवला. आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग अंगणाकडे, मग सिप्रियनकडे. त्याच्याकडे ती खूप वेळ बघत राहिली. तू म्हातारा झालास, असं ती त्याला म्हणाली. सिप्रियन म्हणाला की मला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि चौकटीसमोर उभी राहिली.

ती चौकटीवर वाकली.

"मधे हा कोण?" तिने विचारलं.

"श्रीपत," लूर्डस म्हणाली.

"आणि आम्ही?"

मग लुईस पुढे झाला. पायांतल्या चपला काढल्या आणि सगळं सांगितलं. पांढरी रांग, लाल रांग, फूट, मीटर, फोटोवाल्याला नको म्हणून सांगितलेलं, फोटो बिघडलाय हे पहिल्याच दिवशी दिसूनही गप्प बसला ते, आणि ऑपरेशन नको म्हणाला तेही. आई, मला माफ करा, तुमचा एकच फोटो होता तो मी घालवला, असं म्हणून तो खाली बघत उभा राहिला.

म्हातारीने चौकट खिळ्यावरून काढली आणि लूर्डसच्या हातात दिली. पुढल्या रविवारी सेबॅस्टियनकडे जाऊ, असं तिने सिप्रियनला सांगितलं, कोट काढून ठेव म्हणाली. सिप्रियन हो म्हणाला. पन्नास वर्षांत तो पहिल्या सांगण्यात कधी हो म्हणाला नव्हता. लुईसच्या डोक्यावरून एक मोठं ओझं उतरलं. त्याने डोळे पुसून वर बघितलं.

आल्बिनाआई त्याच्याकडेच बघत होती. चष्मा नाकावर नीट बसवला, एक पाऊल पुढे आली, एक पाऊल मागे गेली, मान वाकडी करून त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळला. मग लूर्डसकडे वळून हळूच म्हणाली,

"पोरी, हे ऑपरेशन आठ वर्षांपूर्वी करायला पाहिजे होतं. याला पसंत करायच्या आधी."